ठोकळे लावून पेडल स्टील उंच होत नाही

पेडल स्टील गिटार, म्हणजे चार पायांवर आडवी ठेवून बसून वाजवायची आणि पायातल्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार, बुटकी वाटते, गुडघे खाली अडकतात. मग चारही पायांखाली लाकडी ठोकळे सारा, झालं काम! नाशिकच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत हा सल्ला अजून फिरतो.

काम होत नाही. पेडलांची पट्टी पुढच्या दोन पायांनाच बसवलेली असते. ठोकळ्यांनी गिटारबरोबर पेडलंही वर येतात. पट्टी आणि वाद्याचं पोट यांतलं अंतर तसूभरही वाढत नाही. गुडघा अडकायचा तिथेच अडकतो, शिवाय जमिनीवर टेकणारी टाच अधांतरी.

पाय लांब हवेत, पट्टी जमिनीपासून पूर्वीच्याच उंचीवर हवी आणि पेडलपासून वर जाणाऱ्या, तारांची यंत्रणा ओढणाऱ्या उभ्या सळया तेवढ्याच मापाने वाढवायला हव्यात. जुनी सळई नमुन्याला दिली, तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याच्या हातचा मळ आहे हा.

सळई आखूड राहिली, की पेडल न दाबताही तारांना ओढ बसते आणि सूर चढवणाऱ्या पेडलच्या मोकळ्या तारा चढ्या बोलतात. लोक मग उगाच खुंट्या पिळतात! पेडल दाबल्यावर सूर नेमका कुठे थांबावा, हे मात्र सळई ठरवत नाही. ते उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांवर लावतात. गुडघ्याने ढकलून सूर बदलायचे लिव्हर वाद्यालाच लटकलेले असल्याने तेही वर जातात, म्हणून शेवटी स्टुलाची उंची बघा.