कायदा झाला म्हणजे पैसा आला?

‘विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आता मुलांच्या आजारांवरील संशोधनाला पैसा मिळणारच’ हा समज अमेरिकेत जुना आहे, आणि चुकीचा. २०१४चा ‘गॅब्रिएला मिलर किड्स फर्स्ट’ कायदाच घ्या. १० वर्षे, दरसाल १ कोटी २६ लाख डॉलर. पण ही नुसती खर्चाची मुभा. प्रत्यक्ष रक्कम काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षीच्या खर्च-विधेयकात वेगळी मंजूर करते. सहीनंतर मोहीम थंडावली की घात होतो तो इथेच.

म्हणून अमेरिकेत राहत असाल तर ही रक्कम मागायला दरवर्षी फोन करा, आणि तो आपल्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात करा. बाहेरच्या मतदारांना तिथे फारसं कोणी विचारत नाही. आधी झिप कोड (तिथला पिनकोड), मग कायद्याचं नाव आणि नेमका आकडा सांगा. ‘मुलांसाठी काहीतरी करा’ एवढ्यावर फोन घेणारा टिपणार तरी काय?