मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन आणि त्यामागची १ फेब्रुवारी

१२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईसच्या मैदानावर मॉरिशसचा चौरंगी झेंडा चढला. गांधीजींची दांडीयात्रा याच तारखेला निघाली होती, हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. त्या दिवशी सगळं बेट मात्र आनंदात नव्हतं. जानेवारीत राजधानीत दंगली होऊन ब्रिटिश फौज उतरली होती. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. त्यात क्रिओल समाज, म्हणजे मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे वंशज, मोठ्या संख्येनं होता. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होणार, ही त्यांची धास्ती.

ती उगाच नव्हती. या समाजाच्या वाट्याला आलेलं प्रत्येक वचन अर्धवट निघालं होतं. बेट फ्रान्सच्या ताब्यात होतं तेव्हा, १७९४ मध्ये फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केली, तर इथल्या मळेवाल्यांनी तो हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना १७९६ मध्ये परत पिटाळलं. १८१० मध्ये इंग्रज आले, तरी मळे तसेच चालले. अखेर १ फेब्रुवारी १८३५ ला ६०,००० हून अधिक गुलाम कायद्यानं मुक्त झाले, पण ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना जुन्याच मालकांकडे राबवलं गेलं. २० लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली ती मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही, जमीन नाही. मला यापेक्षा मोठा अन्याय या इतिहासात दिसत नाही.

मळ्यांना मजूर हवेच होते. कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ जणांना घेऊन २ नोव्हेंबर १८३४ लाच पोचलं होतं. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली. तिथल्या गणेशचतुर्थीच्या सरकारी सुट्टीचं कौतुक करताना, आपली माणसं कोणाच्या जागी नेली गेली तेही सांगायला हवं.

स्वातंत्र्याची किंमतही गुलामांच्या वंशजांनीच मोजली. ब्रिटननं १९६५ मध्ये हिंदी महासागरातली छागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि १९७३ पर्यंत तिथल्या रहिवाशांना हुसकावून लावलं. त्यांच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज नारळाच्या मळ्यांवरचे गुलाम होते.

१ फेब्रुवारीची सुट्टी मिळायला २००१ साल उजाडलं. गुलामगिरी आणि मजूर-भरतीच्या परिणामांचा शोध घ्यायला २००९ मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगापुढे जमिनी बळकावल्याच्या शेकडो तक्रारी आल्या.