धाक असला की मूल शिकतं?

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय: ‘बाईंचा धाक आणि चिडीचूप वर्ग, तीच चांगली शाळा.’

शिस्त हवीच, यात वाद नाही. पण शिस्त म्हणजे सगळ्यांना सारखे, आधी सांगितलेले नियम. धाकाचं काम वेगळं चालतं. ओरडा बसेल या भीतीने मुलाचं लक्ष गणितावरून बाईंच्या चेहऱ्यावर जातं. म्हणून घरी घडाघडा म्हटलेला तेराचा पाढा फळ्यापाशी आठवत नाही. शंका विचारली जात नाही, हातच्याची चूक तशीच पक्की होते. वर्ग शांत असतो, एवढंच.

पडताळा घरीच घेता येतो. ‘आज काय शिकवलं?’ ऐवजी विचारा, ‘आज कुणाचं उत्तर चुकलं? मग बाई काय म्हणाल्या?’ पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते का पाहा. बाथरूमला जायची परवानगी मागायला घाबरणारी मुलं पाणीच पीत नाहीत. पोटदुखीची दोन आठवडे नोंद ठेवा. सोमवारी सकाळी दुखतं आणि सुट्टीत नाही, असं दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई आहे.