हिवाळ्यातली मुकी चाकं

नोव्हेंबर लागला की मॉन्ट्रियलच्या टायरच्या दुकानांत पुढच्या तीन-चार आठवड्यांची वेळ मिळत नाही. कॅनडाच्या या क्वेबेक प्रांताचा कायदाच आहे: १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर हवेत, आणि त्यांवर तीन शिखरांचा डोंगर नि त्यात हिमकण असं चिन्ह कोरलेलं हवं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम वेगळ्या मिश्रणाचं असतं. ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं आणि रस्ता धरून ठेवतं.

दर वर्षी दोनदा रिमवरून टायर उतरवणं-चढवणं खर्चिक, शिवाय त्यात टायरच्या कडाही दुखावतात. म्हणून इथले बरेच लोक चार जादा स्टीलच्या रिम घेतात आणि हिवाळी टायर कायमचे त्यांवर बसवून टाकतात. मग जॅक लावायचा, नट सोडायचे, चाक बदलायचं. अर्ध्या दिवसात काम होतं. उन्हाळी चाकं तळघरात जातात, हिवाळी चाकं गाडीखाली येतात. उन्हाळी चाकांबरोबर आणखी एक वस्तू तळघरात जाऊन पडते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवलेला हवेचा दाब मोजणारा सेन्सर.

मला सांगायचं आहे ते याच्याबद्दलच. ज्या ऋतूत टायरमधली हवा सगळ्यात जास्त घसरते, नेमक्या त्याच ऋतूत आपण ती मोजणारा सेन्सर काढून ठेवतो.

हवा किती घसरते, ते आकड्यांतच बघू. समजा २० अंशाच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय हवा भरली. गेज, म्हणजे दाब मोजायचं हातातलं साधन, दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. टायरमधला खरा दाब काढायला त्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे, म्हणजे झाले ४९.७. बंद जागेतल्या हवेचा हा खरा दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो, पण ते तापमान उणे २७३ अंशांपासून मोजावं लागतं. म्हणजे २० अंशाला २९३ आणि उणे २० ला २५३. गुणाकार-भागाकार केला की ४९.७ चे ४२.९ होतात, त्यातून वातावरणाचे १४.७ वजा केले की गेजवर उरतात २८.२. टायरला एक छिद्रही नाही, तरी जवळजवळ ७ पीएसआय गेले. शिवाय रबरातून हवा झिरपत असतेच, धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय. नोव्हेंबरात भरलेली ३५ ची हवा जानेवारीच्या मध्याला, एखाद्या उणे २० च्या पहाटे, २६ च्या आसपास आलेली असते.

आपल्याकडे पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरून घेणारे इथे विचारतील, की नायट्रोजनने हा प्रश्न सुटत नाही का? नाही सुटत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीत दोन्हींचा दाब सारखाच उतरतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, हे खरं आहे. पण वरचं गणित दोघांनाही तसंच्या तसं लागू आहे.

दाब उतरलेला टायर जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि आतून तापतात. याची किंमत अमेरिकेने फार मोठी मोजली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, आणि भर वेगात टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. कारणं एकाहून अधिक होती, पण कमी हवा आणि उष्णता ही जोडी त्या चर्चेत सतत येत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत नवा कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ठरवून दिलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के उतरली की दिवा लागलाच पाहिजे, असा नियम आहे. ३५ चा टायर असेल तर ही रेषा येते २६.२५ वर. मघाचा जानेवारीतला टायर बरोबर तिथेच उभा आहे.

युरोपने २०१४ पर्यंत सगळ्या नव्या प्रवासी मोटारींना अशीच सक्ती केली. कॅनडात मात्र ती नाही. म्हणून इथे हिवाळी चाकं सेन्सरशिवाय बसवली तर दुकानदार कुठलाही नियम मोडत नाही. सीमेपलीकडे अमेरिकेत चित्र वेगळं आहे. चालू स्थितीत आलेल्या गाडीची ही यंत्रणा निकामी होईल अशी चाकं दुकानदाराने बसवलेली तिथे चालत नाहीत. मालकाने स्वतःच्या हाताने बदललं तर ती त्याची जबाबदारी.

इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुकानात मला सांगितलं गेलं, सेन्सर घालायची काही गरज नाही, दिवा लागेल तेवढा सोडून द्या. मी सोडून दिला. गाडी सुरू केली की घोड्याच्या नालेच्या आकारात उद्गारचिन्ह असलेला तो पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग कायमचा पेटून राहायचा. या लुकलुकण्याला अर्थ असतो. सरळ पेटलेला दिवा सांगतो, हवा कमी आहे. आधी लुकलुकून मग पेटणारा दिवा सांगतो, मला सेन्सरच सापडत नाहीत, हवेचं मला काही कळत नाही. दोन आठवड्यांत माझी नजर त्यावरून सरकायला शिकली. मार्चमध्ये चाकं उतरवताना मागच्या उजव्या टायरला गेज लावला, तर हवा १९. रिमची कड मिठाने गंजून खरखरीत झाली होती आणि तिथून हवा थोडी थोडी निसटत होती. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या होत्या, मधला भाग कोरा होता. मुलं मागे बसत होती त्या गाडीत, सबंध हिवाळाभर. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

त्या वसंतात एका जुन्या उन्हाळी टायरमधला संपलेला सेन्सर मी मागून घेतला. काड्यापेटीहून थोडी मोठी काळी प्लास्टिकची डबी, तिच्या एका टोकाला व्हॉल्व्ह, आणि एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून टायरमधली हवा आत जाते आणि सिलिकॉनच्या एका पातळ पडद्यावर दाबते. पडद्याच्या मागे बंदिस्त निर्वात पोकळी असते. दाब वाढला की पडदा किंचित वाकतो, त्यावर कोरलेल्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजला की दाब कळतो. सोबत तापमान मोजणारा भाग असतो, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा भाग असतो आणि एक लिथियमची छोटी बॅटरी असते. डबी उघडून बॅटरी बदलता येईल असं मला वाटलं होतं, पण आत सगळं राळेसारख्या पदार्थात ओतून पक्कं केलेलं असतं. त्याला कारण आहे. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावताना रिमवरच्या या डबीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशेपट ओढ बसते. तीस ग्रॅमची वस्तू साडेचार किलोची होऊन बाहेर झेपावत असते. सुटा सेल आणि त्याची स्प्रिंग तिथे किती दिवस टिकणार? म्हणून पाच ते दहा वर्षांनी बॅटरी संपली की अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

बॅटरी इतकी वर्षं टिकते, कारण सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. चाक फिरायला लागलं की तो जागा होतो, साधारण मिनिटा-मिनिटाला एक छोटा रेडिओ संदेश सोडतो आणि पुन्हा गप्प होतो. उत्तर अमेरिकेत यासाठी बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ लहरी वापरतात, युरोपात ४३३. संदेशात दाब असतो, तापमान असतं, बॅटरीची हालत असते, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे त्या सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो.

दुसऱ्या चाकांचा सगळा घोळ या क्रमांकापाशी येऊन थांबतो. गाडीच्या स्मृतीत चार क्रमांक नोंदलेले असतात आणि ती फक्त त्यांचंच ऐकते. तसं नसतं, तर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा पंक्चर टायर आपल्या डॅशबोर्डवर दिसला असता. तेव्हा हिवाळी चाकांत नवे सेन्सर नुसते बसवून भागत नाही. गाडीशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर नवे क्रमांक आपोआप शिकतात. काहींना स्टिअरिंगखालच्या जोडणीत यंत्र लावून क्रमांक भरावे लागतात. थोड्या गाड्यांत दोन संच साठवायची सोय असते. आणि एक चौथा, फार सोपा मार्ग आहे: कोऱ्या सेन्सरवर जुन्याचाच क्रमांक लिहायचा. दुकानदार हातातलं यंत्र उन्हाळी चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरतो, कमी वारंवारतेच्या लहरींनी आतल्या सेन्सरला जागं करतो, त्याचा क्रमांक वाचतो आणि नव्यावर उतरवतो. मग चाकं बदललीत हे गाडीला कळतच नाही. दोन्ही संच एकाच वेळी फिरत नसल्यामुळे गोंधळ होत नाही. कुठल्या चाकात किती हवा हे पडद्यावर दाखवणारी गाडी असेल, तर डाव्या पुढच्याची नक्कल डाव्या पुढच्याच जागी लावायची, एवढं मात्र पाळावं लागतं. मी रिमच्या आतल्या बाजूला खडूने ‘डा पु’, ‘उ मा’ असं लिहून ठेवतो.

हे क्रमांक उघड्यावर, कुठलंही कुलूप न लावता बोलले जातात. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना या विद्यापीठांतल्या संशोधकांनी चाळीस मीटरवरून ते वाचून दाखवले, शिवाय खोटे संदेश पाठवून दुसऱ्या गाडीचा दिवाही पेटवून दाखवला.

होंडा, माझ्दा, फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे कळत असतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त फेरे घेतं. बाकीच्या तिघांशी तुलना केली की ते उघडं पडतं. अशी गाडी असेल तर दुसऱ्या चाकांना वेगळा खर्च नाही. चाकं बदला, हवा नीट भरा आणि यंत्रणा नव्याने शून्यावर आणा. पण थंडीने चारही टायर एकदमच उतरतात. चौघांचे फेरे सारखेच वाढले, तर तुलना करायची कुणाशी? नव्या यंत्रणा चाकाच्या थरथरीवरूनही दाबाचा अंदाज घेतात, तरी अशी गाडी असलेल्यांनी हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी हाताने गेज लावावा, असं मी आवर्जून सांगेन.

गेज तर सगळ्यांनीच लावावा. पहाटे पेटलेला दिवा पंधरा मिनिटं गाडी चालवल्यावर विझतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. हवा वाढलेली नसते. वाकून वाकून टायर तापलेला असतो. हवा बघायची ती गाडी काही तास उभी असताना, बाहेरच्या थंडीत.

व्हॉल्व्हकडे तर लक्ष द्याच. अनेक सेन्सरची नळी ॲल्युमिनियमची असते. तिच्यात साधी पितळी पिन बसवली आणि रस्त्यावरचं मीठ-पाणी आत गेलं, की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पिन जाम होते. ती काढायला गेलं की नळी मोडते, आणि नळीबरोबर सेन्सर जातो. म्हणून पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी आणि टोपी प्लास्टिकची. काही रुपड्यांची टोपी, पण तिच्यावर महागडा सेन्सर टिकून असतो.

भारतातल्या वाचकांना हे सगळं परक्या बर्फाचं वाटेल, पण तिथेही हा सेन्सर घरात आलेला आहे. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर असतील, आणि दाब दाखवणारी यंत्रणा नि पंक्चर काढायचं साहित्य सोबत असेल, तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे जिथे पाचवं चाक होतं, तिथे आता या सेन्सरवर भरवसा टाकलेला आहे.

यंदा मी चारही हिवाळी चाकांत सेन्सर घालून घेतले. आमची गाडी न चालवता, उभ्या उभ्याच नवे क्रमांक शिकणाऱ्यांपैकी आहे. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करायची, व्हॉल्व्हजवळ यंत्र धरायचं आणि वाट बघायची. क्रमांक पटला की गाडी एक हॉर्न देते; मग उजवं पुढचं, उजवं मागचं. धाकटा यंत्र धरून पुढे, मी टॉर्च घेऊन मागे. शेवटच्या, डाव्या मागच्याला गाडीने दोनदा हॉर्न दिला, म्हणजे चारही पटले, तसा तो धावत जाऊन डॅशबोर्ड बघून आला. पडद्यावर चार आकडे होते: ३५, ३५, ३४, ३५. चौतीसच्या चाकात आम्ही लगेच थोडी हवा भरली.