सव्वासहाची हुरहूर

सव्वासहाला लॅपटॉप मिटला तेव्हा खोलीत अंधार झाल्याचं माझ्या लक्षात आलं. तोवर पडद्याचा उजेड तोंडावर होता, खिडकीतला दिवस कधी संपला ते कळलंच नव्हतं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारासच सूर्य बुडतो. शेजारी कुकरची शिट्टी झाली, खाली कुणीतरी मुलाला हाका मारत होतं, आणि काहीही घडलेलं नसताना माझ्या पोटात खड्डा पडला. उठून फ्रीज उघडला, बंद केला. फोन हातात घेतला, ठेवला. घराचा हप्ता वेळेवर गेला असेल ना? सकाळी आईचा आवाज जरा उतरलेला नव्हता का? आठपर्यंत हे असंच चाललं. साडेआठला जेवायला बसलो आणि ते कुठे गेलं तेही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ते परत आलं.

ओळखीच्या लोकांत हे बोलायला लागलो तेव्हा प्रत्येकाकडे शब्द तयार होते. कुणाचा जीव खालीवर होतो, कुणाला उगाच रडू येतं, कुणाला घर खायला उठतं. मराठीत तर या वेळेचं नावच कातरवेळ. कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ झालेला. संस्कृतातही या शब्दाचा हाच अर्थ आहे. दिवसाच्या एका तुकड्याला भाषेनं भावनेचं नाव दिलं, त्या अर्थी हे दोन-चार हळव्या माणसांपुरतं दुखणं नाही. ‘काही कारण नसताना’ असं आपण म्हणतो, ते मात्र मला पटत नाही. कारणं असतात. आपण ती हप्त्यात आणि आईच्या आवाजात शोधतो, आणि ती असतात डोळ्यांत, शरीराच्या घड्याळात, रिकाम्या पोटात.

उजेडापासून सुरुवात करू. प्रकाश लक्स या एककात मोजतात. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्यातले चारशेच्या आसपास उरतात आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत तीन-चार. आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश इतका आखूड. मी एकदा फोनवर प्रकाश मोजायचं ॲप घेऊन सोफ्यावर बसलो. आकडा डोळ्यांदेखत उतरत होता, शंभराखाली, पन्नासाखाली, आणि मला खोली होती तशीच दिसत होती. डोळा सरावत जातो. पण डोळ्यातलं सगळंच काही असं फसत नाही.

डोळ्याच्या पडद्यात चित्र दाखवणाऱ्या पेशींखेरीज आणखी एक जात आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचे डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की पडद्यातल्या काही मज्जापेशी स्वतःच प्रकाश टिपतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना ते १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या कातडीत. या पेशींचं मुख्य काम बाहेर उजेड किती आहे याची नोंद ठेवण्याचं. ही नोंद मेंदूच्या मुख्य घड्याळाकडे जाते, तशीच भावनांशी संबंध असलेल्या भागांकडेही पोचते.

त्यातला एक भाग म्हणजे अमिग्डाला, धोक्याची चाहूल घेणारा. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २३ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून आलटून पालटून अंधार, मंद उजेड आणि मध्यम उजेड दाखवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उजेड असताना अमिग्डाला शांत होत होता आणि त्याला आवरणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाशी त्याचं बोलणं वाढत होतं. प्रयोग छोटा आहे, पण तो एका जुन्या निरीक्षणाशी जुळतो. १९९७ मध्ये ख्रिश्चन ग्रिलॉन यांनी लोकांना अचानक मोठा आवाज ऐकवून पापणी किती जोरानं मिटते ते मोजलं होतं. अंधारात माणसं जास्त दचकत होती. उंदरांत नेमकं उलट दिसतं, ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. ज्याला ज्या वेळी शिकार होण्याची भीती, त्याचं शरीर त्या वेळी सावध. आपण दिवसा वावरणारे प्राणी. दिवा न लावता बसलेल्या माणसाचं शरीर सव्वासहाला सावध होत असेल, तर ते त्याच्या परीनं बरोबरच वागतंय.

आता घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. तो चोवीस तासांचा ताल धरतो. संध्याकाळच्या बेचैनीचं खापर कॉर्टिसॉल या संप्रेरकावर फोडण्याची पद्धत आहे. मला हे खटकतं, कारण कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळी बरंच उतरलेलं असतं. संध्याकाळची गंमत वेगळी आहे. दिवसभर जागं राहिल्यानं झोपेचा दाब वाढत जातो, आणि आपण दुपारीच आडवे होऊ नये म्हणून घड्याळ जागेपणाचा जोर वाढवत नेतं. हा जोर नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी सर्वांत जास्त असतो, इतका की त्या काळात झोपायचं म्हटलं तरी झोप लागत नाही. म्हणजे अंग थकलेलं आणि आतून टक्क जागं. ‘दमलोय पण बसवत नाही’ असं आपण म्हणतो ना, तेच हे.

पोटाकडे येऊ. आपल्या घरांत जेवण एकला आणि रात्रीचं साडेआठ-नऊला. मधे चहा. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि घेतलेल्या कॅफीनमधलं निम्मं शरीराबाहेर जायला पाचेक तास लागतात. साडेतीनचा कप, पाचचा कप, सोबत खायला काही नाही. ज्यांना कॅफीन सोसत नाही त्यांना त्यानंच छातीत धडधडतं, हात थरथरतात. भूक लागल्यावर ॲड्रेनलिन, म्हणजे शरीराला सावध करणारं संप्रेरक, तेही थोडं चढतं. मग ती धडधड कशाची आहे, हे माणसाला आतून कसं कळावं?

ते कळत नाही, आणि सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. १९६२ मध्ये स्टॅनली शाक्टर आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना जीवनसत्त्वाचं इंजेक्शन म्हणून ॲड्रेनलिन टोचलं. काहींना आधी सांगितलं होतं की आता धडधडेल, हात थरथरतील. काहींना काहीच सांगितलं नव्हतं. मग प्रत्येकाच्या शेजारी एक सोंगाड्या बसवला, कुणाकडे मौजमस्ती करणारा, कुणाकडे चिडचिडा. ज्यांना धडधडीचं कारण माहीत नव्हतं त्यांच्यावर शेजाऱ्याच्या भावनेचा जास्त परिणाम झाला. हा प्रयोग पुढे वादात सापडला. १९७९ मध्ये क्रिस्टिना मास्लॅक यांनी, आणि स्वतंत्रपणे गॅरी मार्शल व फिलिप झिम्बार्डो यांनी, तो तपासून पाहिला. कारण न कळलेली धडधड दोन्ही दिशांना सारखी झुकत नाही, ती वाईटाकडेच झुकते, असं त्यांना आढळलं. शेजारी आनंदी माणूस बसवला तरी.

मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या सव्वासहाचा अर्थ लागला. शरीरात आधी काहीतरी हलतं, मग मन त्याला साजेसं कारण शोधायला निघतं. दिवसभर कामाच्या गडबडीत त्याला सवड नसते, संध्याकाळी असते. जे हाताला लागतं ते नेहमी काळजीचंच असतं, आणि एकदा ते सापडलं की धडधड आणखी वाढते. हप्ता त्या दिवशीही वेळेवर गेलेला होता.

ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट सांगतो. तिन्हीसांजेला मूल किरकिरतं, मग आजी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. टी. बेरी ब्राझेल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये तान्ह्या बाळांच्या रडण्याच्या नोंदी अभ्यासल्या. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि ते संध्याकाळी दाटतं, असं त्यात दिसलं. आईचं काही चुकलेलं नसतं, आणि कुणाची दृष्टही लागलेली नसते.

मग करायचं काय? मी स्वतः करतो ते सांगतो, आणि त्यामागे जे शास्त्र आहे तेही. साडेपाचला, अजून उजेड असतानाच, घरातले मोठे दिवे लावतो. अंधार झाल्यावर दिवा लावायचा, ही सवय मोडायला मला महिना लागला. नऊनंतर मात्र तेच दिवे मंद करतो, कारण रात्रीचा लख्ख उजेड मेलाटोनिन या रात्र झाल्याचं शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाला आणि पर्यायानं झोपेला मागे ढकलतो. जमेल त्या दिवशी सूर्यास्ताआधी बाहेर पडून अर्धा तास चालतो. ढगाळ आभाळाखालीसुद्धा आपल्या दिवाणखान्याच्या कितीतरी पट प्रकाश असतो. चारनंतर चहा बंद, आणि सहाला काहीतरी पोटात. मूठभर शेंगदाणे-गूळ, नाहीतर दुपारची पोळी.

धडधड तरीही आली तर श्वास. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज पाच मिनिटं, महिनाभर, लांब उच्छ्वास सोडायला सांगितलं होतं. नाकानं श्वास घ्यायचा, त्यावर आणखी थोडा घ्यायचा, मग तोंडानं सावकाश सोडायचा. लोकांची मनःस्थिती सुधारली, श्वासाची गतीही उतरली. श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते, त्याचा हा फायदा. यावरून मला दिवेलागणीची आठवण होते. समईच्या एका वातीनं खोलीत लक्स असे कितीसे वाढणार? पण घरातली सगळी माणसं त्या वेळी एका जागी यायची आणि शुभंकरोति, परवचा, रामरक्षा मोठ्यानं म्हणायची. पाठ म्हणताना श्वास घ्यायला जागा थोडी आणि सोडायला अख्खी ओळ. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तो मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. श्रद्धा असो वा नसो, लयीत मोठ्यानं काहीही म्हणून पाहा. पाढे म्हणा.

काळजीला बंदी घालू नये, ती आणखी उसळते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये वेगळी युक्ती मांडली. दिवसातला ठरलेला अर्धा तास फक्त काळजी करायची, एरवी ती आली की त्या वेळेवर ढकलायची. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवतो आणि सकाळी चहाबरोबर वाचतो. सहा ते आठमध्ये काढलेल्या कुठल्याही निष्कर्षावर त्या संध्याकाळी फोन करायचा नाही, राजीनामा लिहायचा नाही, भांडण उकरायचं नाही.

सगळंच मात्र कातरवेळेच्या माथी मारू नका. वजन उतरतंय, घाम येतोय, हात सतत कापतायत, तर थायरॉइड तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धडधड आल्या क्षणी साखर मोजा. ती उतरलेली असू शकते आणि ते तातडीचं असतं. रक्त कमी असणं, पाळी जाण्याचा काळ, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, रोजची दारू, परस्पर घेतलेली झोपेची किंवा शांततेची गोळी उतरणं, यातलं काहीही असंच वाटू शकतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठा. घरातले वृद्ध रोज संध्याकाळी गोंधळत असतील, ‘मला घरी जायचंय’ असं आपल्याच घरात म्हणत असतील, तर तो हट्ट समजू नका. स्मृतिभ्रंशात असं होतं, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या खोलीत दिवे लवकर लावा. आणि बेचैनी संध्याकाळ ओलांडून दिवसभर पसरली, झोप उडाली, जगावंसं वाटेनासं झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कॅलेंडरच्या त्या पानावर बऱ्याच ओळी साठल्या आहेत. बहुतेकींपुढे सकाळच्या अक्षरात ‘काही नाही’ लिहिलंय. डिसेंबरातल्या एका ओळीत आहे, ‘आईला काहीतरी झालंय, ती सांगत नाहीये.’ सकाळी नऊला फोन केला. तिची दाढ चार दिवस ठणकत होती, आणि मला उगाच काळजी नको म्हणून ती बोलली नव्हती. त्याच दिवशी दुपारी मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.