गोचीड आणि पिसवांवरचं औषध: तुमच्या कुत्र्यासाठी निवडताना

"सगळ्यात जालीम असेल ते द्या." कुत्र्याला आंघोळीला किंवा केस कापायला घेऊन येणारे बरेच जण आम्हाला हेच सांगतात. त्यामागची तळमळ आम्हाला कळते. कान कुरवाळताना वाटाण्याएवढी टम्म फुगलेली गोचीड बोटाला लागली की ती त्याच क्षणी, कायमची संपवावी असं कुणालाही वाटेल. पण एका घरात छान लागू पडलेलं औषध दुसऱ्या घरात जिवावर बेतू शकतं. घरात मांजर आहे का, कुत्रा रोज पाण्यात उतरतो का, पिल्लू किती आठवड्यांचं आहे, त्याला कधी झटके आले होते का, यावर सगळं ठरतं. म्हणून आम्ही औषध दाखवण्याआधी प्रश्न विचारतो. ते का विचारतो, हे या पत्रकात लिहिलं आहे. आजारी, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी आणि पोटात द्यायच्या गोळ्यांसाठी पशुवैद्यांचा सल्ला घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

आधी बघा, अंगावर आहे काय

गोचीड सहज दिसते. ती कोळ्याच्या जातकुळीतली, पूर्ण वाढ झाली की आठ पायांची. पण अंड्यातून नुकतीच निघालेली गोचीड सहा पायांची आणि इतकी बारीक असते की धुळीचा कण वाटावा. ती उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर किंवा भिंतीच्या फटीत दबा धरून बसते आणि कुत्रा जवळून गेला की चिकटते. रोज फिरून आल्यावर कानाच्या आत-बाहेर, पापण्यांच्या कडेला, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बोटं फिरवा. बेचक्या बघायच्या बहुतेकांच्या राहून जातात आणि आम्हाला गोचिडी सर्वांत जास्त तिथेच सापडतात.

पिसू मात्र दाट केसांत सापडत नाही. तिच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी, कमरेवरून फिरवा. फणीत काळे, मिरपुडीसारखे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या टिपकागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचं पचलेलं रक्त. असा डाग दिसला की एकही पिसू डोळ्यांना दिसली नसली तरी ती आहे, हे नक्की धरा.

दोघींचा त्रास वेगळा. पिसवांमुळे खाज सुटते, आणि त्यांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही कंबर चावून चावून सोलायला पुरतात. कुत्र्याने चावताना पिसू गिळली तर तिच्यातून टेपवर्म, म्हणजे चपटा जंत, त्याच्या पोटात जातो. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, रक्तात रोगही सोडते. एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे त्यातले दोन मोठे, ज्यांना आपण सरसकट गोचीड ताप म्हणतो. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद रंगाची लघवी यांतलं काहीही दिसलं तर औषधाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा.

खरी वस्ती घरात असते

"औषध घातलं, तरी पंधरा दिवसांनी पिसवा दिसल्या. माल खराब होता का?" ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. बहुतेक वेळा माल ठीक असतो. पिसूची एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत; कुत्रा झोपतो, अंग झटकतो, सोफ्यावर लोळतो तिथे गळतात. त्यातून अळी, मग कोष, मग पिसू. ढोबळ हिशेब असा मांडला जातो की घरातल्या एकूण पिसवांपैकी जेमतेम 5 टक्के कुत्र्याच्या अंगावर असतात, बाकीच्या अंडी, अळी आणि कोषाच्या रूपात गालिच्यात, गादीत आणि फटीत. त्यात कोष सर्वांत चिवट. फवाऱ्याला तो दाद देत नाही आणि आतली पिसू कित्येक महिने वाट बघू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातला वायू जाणवला की ती बाहेर येते. बंद घर उघडल्यावर एकदम पिसवा चावतात, त्याचं कारण हेच.

म्हणून औषध सुरू केल्यावर काही आठवडे नव्या पिसवा दिसणारच. त्या औषध लागलेल्या कुत्र्यावर येऊन मरतात आणि साठा हळूहळू आटतो. त्यासाठी किमान तीन महिने, एकही मात्रा न चुकवता, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना प्रत्येकाचं वेगळं योग्य औषध सुरू ठेवावं लागतं. अंथरूण दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याच्या खाचांतून आणि पलंगाखाली रोज फिरवा, पिशवी लगेच घराबाहेर टाका. त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवाही बाहेर पडतात, म्हणजे औषधाच्या तावडीत लवकर येतात.

गोचिडींमध्येही एक जात अशीच घरात ठाण मांडते: तपकिरी कुत्रागोचीड. रक्त पिऊन झालं की मादी खाली उतरते आणि फटीत काही हजार अंडी घालते. तिला वर चढायची सवय आहे. पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, भिंत आणि छत मिळतं त्या कोपऱ्यात गोचिडी दिसल्या तर कुत्र्यासोबत घराचाही इलाज करायला हवा. भेगा बुजवा. घरात फवारणी करायची तर त्या कामाच्या जाणकाराकडून करून घ्या आणि सगळं पूर्ण सुकेपर्यंत जनावरं बाहेर ठेवा.

गोळी, थेंब की पट्टा

चघळायच्या गोळ्या सध्या सर्वाधिक मागितल्या जातात. अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सॅरोलानेर आणि लोटिलानेर ही त्यांतली औषधं एकाच घराण्यातली, आयसॉक्सॅझोलिन नावाची. बहुतेकांचा परिणाम महिनाभर टिकतो, फ्लुरालानेरचा साधारण 12 आठवडे. आंघोळ, पोहणं, पाऊस यांनी फरक पडत नाही आणि अंगावर काही लागलेलं नसल्यामुळे मुलांनी कुत्र्याला मिठी मारली तरी चिंता नसते. पोहणाऱ्या किंवा वरचेवर आंघोळ लागणाऱ्या कुत्र्यासाठी आमचं मत गोळीकडेच झुकतं. पण दोन गोष्टी समजून घ्या. गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरते. पिसवा काही तासांत जातात, गोचिडींना एक-दोन दिवसही लागू शकतात. तेव्हा गोळी दिल्यावर चिकटलेली गोचीड दिसली म्हणून लगेच दुसरी गोळी देऊ नका. दुसरं, 2018 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या घराण्याबद्दल इशारा दिला: बहुतांश कुत्र्यांना ही औषधं सुरक्षित असली तरी काहींमध्ये थरथर, तोल जाणं, झटके असे प्रकार आढळले आहेत. तुमच्या कुत्र्याला एकदा जरी झटका येऊन गेला असेल तर तो जुना आहे म्हणून सांगायचं टाळू नका. पशुवैद्य दुसरा मार्ग सुचवतील.

मानेवर घालायच्या थेंबांमध्ये फिप्रोनिल हे जुनं, पुष्कळ वापरलेलं नाव. थेंब कातडीवरच्या तेलात पसरतात आणि साधारण महिनाभर टिकतात. मात्र घालायच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर शॅम्पूची आंघोळ नको. आमच्याकडे आंघोळीची वेळ घेताना थेंब कधी घातले ते सांगा, आम्ही तारीख बदलून देऊ. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या अंगाला लागता कामा नये, त्याच्यासाठी ते घातक आहे.

औषधी पट्ट्यांचा मोठा फायदा म्हणजे लक्षात ठेवायचं ओझं कमी. डेल्टामेथ्रिनचे किंवा इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन एकत्र असलेले पट्टे महिनोनमहिने चालतात. त्यांतलं औषध गोचिडीला चावण्याआधीच परतवतं, आणि गोचिडींचा सुळसुळाट असलेल्या भागात हे मोलाचं आहे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत इतकाच सैल बांधा, उरलेलं टोक कापून टाका. घातल्या दिवशी पूर्ण परिणाम मिळत नाही, औषध अंगभर पसरायला काही दिवस जातात. वरचेवर भिजणाऱ्या कुत्र्यावर तो लवकर फिका पडतो. मुलं त्याच्या गळ्यात पडून झोपत असतील तर पट्टा आम्ही सुचवत नाही.

शॅम्पू आणि पावडर त्या दिवसापुरती. अंगावरचं झडून जातं, उद्या येणाऱ्या गोचिडीला अडवणारं मागे काही उरत नाही. लसूण खाऊ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. टी ट्री तेलही विषारी आहे. गुरांचं औषध पातळ करून लावणं किंवा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच टोचणं हे तर मुळीच करू नका. कोली आणि त्याच्यासारख्या मेंढपाळ जातींच्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिन थेट मेंदूपर्यंत पोचतं.

घरात मांजर असेल तर हे आधी वाचा

कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. आमच्या एका ग्राहक ताईंनी कुत्र्याच्या नळीत उरलेले चार थेंब मांजराच्या मानेवर घातले, वाया कशाला घालवायचे म्हणून. काही तासांत मांजर थरथर कापायला लागलं, पाय ताठ झाले. त्या धावत दवाखान्यात गेल्या म्हणून ते वाचलं. तेव्हापासून परमेथ्रिन असलेल्या प्रत्येक खोक्यावर आम्ही लाल शाईने "मांजराला नाही" असं लिहितो. थेट घालणं तर दूरच, ओल्या थेंबांच्या कुत्र्याला बिलगून झोपणारं, त्याला चाटणारं मांजरही धोक्यात येतं. दोघं एकमेकांशिवाय राहत नसतील तर परमेथ्रिनचं औषध नकोच. चुकून लागलंच तर मांजराला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने धुवा, उबदार ठेवा आणि खोका हातात घेऊन तडक दवाखाना गाठा.

वजन, वय आणि लावायची जागा

वजन आजचं हवं. अंदाज बहुतेकांचा चुकतो, म्हणून आमच्या काट्यावर कुत्र्याला उभं करा, खरेदी केली नाही तरी चालेल. मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत वाटणं हा बचतीचा मार्ग नाही. कुणाला किती गेलं ते कळत नाही. बरीचशी औषधं 8 आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना चालत नाहीत. त्यांच्यासाठी बारीक फणी आणि पशुवैद्यांचा सल्ला.

थेंब केसांवर पडून वाळले तर पैसे आणि महिना दोन्ही फुकट. कुत्र्याला उभं ठेवा, खांद्यांच्या मधोमध, त्याची जीभ पोचणार नाही अशा जागी केसांत बोटांनी भांग पाडा. गुलाबी कातडी दिसली की नळीचं टोक तिला टेकवूनच दाबा. जागा वाळेपर्यंत हात लावू नका. गोळी दिली असेल तर शेवटचा तुकडा गिळेपर्यंत तिथेच थांबा. काही गोळ्या जेवणासोबतच द्यायच्या असतात, तेव्हा खोक्यावरचं वाचा.

चिकटलेली गोचीड काढताना

रॉकेल, तेल, जळती काडी यांतलं काही नको. चिडलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकते, आणि रोग तिथूनच आत जायची भीती असते. हातमोजे घाला. अणकुचीदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडा, फुगलेल्या पोटाला दाब न देता. मग झटका न देता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. सोंडेचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका, शरीर तो आपणहून बाहेर टाकतं. जागा जंतुनाशकाने पुसा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे तीन आठवडे ताप, मरगळ, हिरड्यांचा रंग यांवर लक्ष ठेवा. पशुवैद्य पहिला प्रश्न विचारतील तो त्या तारखेचाच.

आमच्याकडे येताना मागच्या औषधाचं रिकामं खोकं आणि ते दिल्याची तारीख घेऊन या. घरात आणखी कोणती जनावरं आहेत तेही सांगा. ससा, मांजर, कुणीही.