जमिनीवरची झटापट (पोलीस बचावतंत्र)

आरोपीला धरताना पोलीस आणि तो, दोघंही भुईवर पडले की तिथून पुढं जे करायचं असतं, म्हणजे खालून सुटणं, वर येणं, त्याचे हात आवरणं आणि लवकरात लवकर उभं राहणं, या सगळ्याला पोलीस ट्रेनिंगमध्ये ग्राउंड फाइटिंग म्हणतात. मराठीत याला ठरलेला असा शब्द नाही. आखाड्यात उभ्या झोंबीला खडाखडी म्हणतात आणि भुईवर आली की खालची कुस्ती, तर हा खालच्या कुस्तीचाच चुलत भाऊ समजा, पण सख्खा नाही, आणि का नाही तेच या नोंदीत जास्त येईल. लाठी, ढाल, जमाव पांगवणं हे विषय इथं घेतलेले नाहीत.

उगम

इथं दोन घराणी सांगतात आणि दोन्हीकडचे लोक हटून बसतात.

पहिलं जपानी. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ज्युदो सुरू केलं. टोकियो पोलिसांच्या स्पर्धेत कोडोकानच्या पोरांनी जुन्या ज्युजुत्सूवाल्यांना (ज्युदो ज्यातून निघालं ती जुनी जपानी झोंबी) हरवलं आणि पोलिसांनी ज्युदो उचललं अशी गोष्ट सांगतात. साल बहुतेक जण 1886 देतात, पण 1885 ते 1888 मधलं कुठलंही लिहिलेलं सापडतं, तेव्हा 1886 च्या आसपास एवढंच धरावं. पुढं 1900 च्या सुमारास ज्युजुत्सूच्या फुसेन घराण्यातल्या माताएमोन तानाबेनं कोडोकानवाल्यांना उभं न राहता थेट खाली ओढून हरवलं आणि मग कानोंनी खालच्या डावांकडं लक्ष दिलं असं म्हणतात. ही गोष्ट सांगताना फुगत गेली असावी, पण खालचे डाव ज्युदोत नंतर वाढले एवढं खरं. कॉलेजांच्या कोसेन स्पर्धा 1914 पासून होत्या आणि त्यात खाली बसून खेळायला भरपूर मोकळीक होती. याच 1914 मध्ये कोडोकानचा मित्सुयो माएदा ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसी घराणं शिकलं, त्यातूनच ब्राझिलियन जिउजित्सू निघालं, आणि नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या लढतींचे लोक एकमेकांशी भिडतात ती स्पर्धा) रॉयस ग्रेसी जिंकला तेव्हा अमेरिकेतल्या पोलीस ट्रेनरांचे डोळे उघडले. जपानी पोलिसांचं स्वतःचं ताइहो-जुत्सू, म्हणजे अटकेचं तंत्र, दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण 1947 मध्ये बांधलं गेलं.

दुसरं घराणं आपलं, मल्लविद्येचं. चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (साधारण 1129) मल्लविनोद असा भाग आहे, त्यात पैलवानांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग दिलेत. मल्लपुराण हा गुजरातच्या मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचा ग्रंथ. तो 1964 मध्ये बडोद्याहून छापून आला आणि त्याचा काळ काही जण 13वं शतक धरतात तर काही थेट 17व्या शतकापर्यंत खाली आणतात. हातात असलेल्या पोथ्या उशिराच्या, मजकूर त्याहून जुना असू शकतो, म्हणून एकच शतक पक्कं करण्यापेक्षा हा थर थर चढत गेलेला ग्रंथ मानणं बरं. आता आखाड्यात कुस्तीचे चार प्रकार सांगतात, हनुमंती (डावाची), भीमसेनी (ताकदीची), जांबुवंती (हातापायाला कुलूप घालून हार मानायला लावायची) आणि जरासंधी (सांधे मोडायची), आणि ही चौकडी हजार वर्षांची असं लोक छातीठोकपणे सांगतात. तोंडी परंपरेत आणि 20व्या शतकातल्या व्यायामाच्या पुस्तकांतच ती जास्त ठळक दिसते, त्यामुळं इथं ती अलीकडची धरलीय. पोलिसाच्या कामाची यातली फक्त जांबुवंती. जरासंधी केली तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागते.

दोन्ही घराण्यांची गाठ भारतात आधीच पडलेली होती. रवींद्रनाथ टागोरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकींना शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला बोलावलं होतं. आपल्याकडं अमरावतीला 1914 मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि तिथला चमू 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. पण आजचं पोलीस ग्राउंड फाइटिंग थेट मल्लविद्येतून उतरलं म्हणणं ओढूनताणून आहे. आखाड्यात वाढलेला माणूस असूनही मला हे लिहावं लागतंय. त्याची आजची मांडणी जपानी-ब्राझिलियन वाटेनंच आली.

टक्केवारीचा घोळ

"90 टक्के मारामाऱ्या जमिनीवरच जातात" हे वाक्य जगभर फिरतं, आपल्याकडच्या ट्रेनिंगवाल्यांच्या तोंडीही ऐकू येतं. याचं मूळ लॉस एंजेलिस पोलिसांच्या 1988 च्या बळवापराच्या अहवालांत आहे. सार्जंट ग्रेग डॉसी यांनी ते नंतर, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तपासले, आणि त्यात साधारण 62 टक्के प्रसंगांचा शेवट दोघं जमिनीवर असताना झाला होता. आता ही मेख बघा. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पोलिसानंच माणसाला खाली घेतलं होतं आणि हाताला कुलूप लावून बेडी घालत होता. म्हणजे आकडा "पोलीस खाली पडतो" याचा नव्हता, "अटक जमिनीवर पुरी होते" याचा होता. पुढं ब्राझिलियन जिउजित्सूच्या जाहिरातीत 62 चे 90 झाले, कुठं 95 पण झाले, आणि अर्थ साफ उलटा झाला.

चित की पालथा

कुस्तीत समोरच्याची पाठ भुईला लावली की निकाल. त्यामुळं पैलवानाच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते, की पाठ लागू द्यायची नाही, खाली गेलं तर पोटावर पडायचं, माती घट्ट धरायची आणि वरच्याला दमवायचं. पोट टेकलं की वाचला. पोलिसाच्या कामात हे सगळं उलटं होतं. पोलीस स्वतः पालथा पडला तर त्याचा गळा, पट्टा, कंबरेचं हत्यार, सगळं मागून मोकळं. त्यापेक्षा पाठीवर असलेलं बरं, कारण दोन्ही हात आणि दोन्ही पाय मधात घालता येतात. जिउजित्सूत याला गार्ड म्हणतात आणि तालमीतल्या पोराला हे शिकवणं सगळ्यात जड जातं, कारण पाठीवर पडणं म्हणजे त्याच्या लेखी हरणं. आणि आरोपीला मात्र पालथाच करायचा असतो, कारण हात पाठीमागं घ्यायचे असतात. म्हणून चांगला पैलवान भरतीनंतर आपोआप चांगला ग्राउंड फाइटर होतो असं नाही. महाराष्ट्र केसरी झालेल्या काहींना सरकारनं थेट डीवायएसपी केलंय, विजय चौधरी हे त्यातलं ठळक नाव, त्यांची ताकद आणि तोल हा प्रश्नच नाही, प्रश्न सवयीचा आहे.

शिकवायच्या गोष्टी तशा थोड्याच. पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. वर बसलेल्याला टाच आणि खांद्यावर कंबर उचलून पूल करून उलथवायचं, नाहीतर कंबर बाजूला सरकवत जागा करायची. एक हात मागं टेकवून, एक पाय समोरच्याच्या आणि आपल्या मधात ठेवून, नजर न हलवता उभं राहायचं. धरलेल्याचं मनगट आणि कोपर ताब्यात ठेवायचं, गळ्याला हात घालायचा नाही. ज्युदोत गळ्याचे डाव आहेत, पण लॉस एंजेलिसनं ते 1982 मध्येच जवळपास बंद केले आणि 2020 मध्ये उरलेसुरले पण काढले.

पालथा झाल्यावर गुडघा खांद्याच्या फऱ्यावर, मानेवर नाही. बेडी लागली की लगेच कुशीवर वळवून बसवायचं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं जून 1995 मध्येच इशारा दिला होता की पालथ्या माणसावर भार देऊन ठेवला तर तो गुदमरून मरू शकतो. त्यानंतर 1997 मध्ये 15 तरण्याबांड निरोगी लोकांवर प्रयोग झाला आणि नुसत्या पालथं ठेवण्यानं श्वासावर धोक्याचा परिणाम होत नाही असं निघालं, त्यावरून वाद आजही चालू आहे. पण तो प्रयोग निरोगी, शांत लोकांवरचा. झटापट करून दमलेला, पिलेला, वरून दोन माणसं बसलेला इसम ही वेगळीच गोष्ट. 25 मे 2020 ला मिनियापोलिसात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर 9 मिनिटं 29 सेकंद गुडघा होता, त्यानंतर प्रयोगाचा दाखला देणं अवघड झालंय.

विदर्भातल्या खेड्यात

पुस्तकात मॅट असते, इथं वावर असतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय दोन किलोचा होतो, उन्हाळ्यात तिचीच ढेकळं आणि भेगा, आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायच्या आधी कापली असली तर तिचे खुंट पाठीत घुसतात. आखाड्याला म्हणूनच काळी माती चालत नाही, तांबडी आणून तेल-ताक-हळद घालून मुरवावी लागते. नाल्याच्या काठी मोहाची भट्टी धरायला गेलेल्या शिपायाला पाठीवर पड म्हणणं म्हणूनच सोपं नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यांत हे नेहमीचं काम, वर्धा, 1993 पासून गडचिरोली, आणि 2015 ते 2021 चंद्रपूर.

दुसरं, माणसं. बीट जमादार आणि एक शिपाई मोटरसायकलवर जातात, कधी सोबत होमगार्ड, आणि आरोपी धरला की दहा मिनिटांत सगळी आळी जमते. अशात खाली गुंतून पडणं म्हणजे बाजूनं लाथा खाणं, म्हणून इथं "खाली जिंका" पेक्षा "उभं राहा" हाच पहिला धडा. गर्दीतून एकाला काढायचं तर खेड्यातल्या शिपायाला कुस्तीपेक्षा कबड्डी जास्त कामाची पडते, एकानं अँकल होल्ड, दोघांनी चेन, माणूस आपोआप बसतो. ते त्याला शिकवावं पण लागत नाही, शाळेपासून खेळलेला असतो.

तिसरं, बेडी. परदेशी पद्धतीत बेडी लागली की झटापट संपली. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं 1980 च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेडीला नाही म्हटलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये ती ठराविक गुन्ह्यांपुरती आणि सराईत किंवा कोठडीतून पळालेल्यांपुरती आहे. याच कलमात अटकेला जबरीनं विरोध केला तर लागेल ते सर्व उपाय करायची मुभा आहे, पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याचा जीव घ्यायचा हक्क नाही, आणि कलम 46 म्हणतं पळून जाऊ नये एवढाच आवर घाला. स्वतःच्या बचावाचा हक्क पोलिसालाही इतरांसारखाच, न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत. तर भट्टीवाल्याला खाली घेतला, आवरला, मग उठवून बिनबेडीचा ठाण्यापर्यंत न्यायचा, बरेचदा मोटरसायकलवर ट्रिपल सीट, आरोपी मधात. मनगट-कोपराची पकड उभ्यानं आणि बसल्यानं टिकवणं हा भाग त्यामुळं इथं जमिनीवरच्या डावांपेक्षा मोठा व्हायला पाहिजे.

हत्यार सांभाळण्याचा धडा अमेरिकेत पिस्तुलावर असतो. इथं शिपायाकडं बहुतेक वेळा लाठीच असते, ती पडली की आधी पायाखाली घ्यायची. शिट्टीची दोरी आणि पट्टा हे धरायला सोपे, आरोपीच्या गळ्यातला दुपट्टा पण तसाच, तो ओढायचा मोह टाळायचा. तुकाराम ओंबळे यांनी 2008 मध्ये गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, ते शहीद झाले पण पकड सुटली नाही आणि तो जिवंत सापडला.

प्रशिक्षण

नागपूर आणि अकोल्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत कवायत, लाठी, विनाशस्त्र लढत हे असतं. भरतीच्या मैदानी परीक्षेत पुरुषांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावणं आणि 7.26 किलोचा गोळा, महिलांना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. धराधरी त्यात कुठंच येत नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या मॅरिएटा पोलिसांनी 2019 पासून नव्या लोकांना जिउजित्सू लावलं आणि बळवापरात जखमी होणारे पोलीस 48 टक्क्यांनी, संशयित 53 टक्क्यांनी घटले असं त्यांनीच सांगितलं. आकडे खात्याचे स्वतःचे आहेत आणि शहर छोटं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावेत.

महिला पोलीस

कायद्यानं स्त्रीला अटक करताना पुरुष पोलिसानं सहसा अंगाला हात लावायचा नाही आणि सूर्यास्तानंतर अटक फक्त अपवादानं, तीही महिला पोलिसाकडून. म्हणजे भट्टी चालवणारी बाई झोंबली तर ती झोंबी महिला शिपायाच्याच वाट्याला येते, साडी-केस धरून होणारी. गार्ड, पूल, कंबर सरकवणं हे डाव मुळात हलक्या माणसानं जडाखालून सुटण्यासाठीच निघालेत, तेव्हा ते आधी शिकवायला पाहिजेत ते यांना.